वीस ओळी

"...मग आता तरी ग्रुपवर टाकू ना, सर?" ऋत्विजने लॅपटॉप विसूभाऊंकडे वळवला.

विसूभाऊ नाबर वेंगुर्ल्याच्या आपल्या ओसरीवर सुपारी कातरत होते. गावोगावच्या वाचनालयांतली जुनी मासिकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली करणारा ग्रुप त्यांनीच उभा केलेला. ऋत्विज त्यांचा लाडका शिष्य, आणि हे ऋत्विजला चांगलंच ठाऊक. कौतुक ऐकायला तो पणजीहून मोटारसायकल हाकत आला होता. फोनवरचं कौतुक त्याला पुरत नसे.

"करते काय ही तुझी स्क्रिप्ट?"

"स्कॅनमध्ये तिरकी आलेली पानं आपोआप सरळ करते. मिनिटाला शंभर. वापरायची कशी, तेही लिहिलंय. कुणाला नाव ठेवायला जागा नाही."

"पहिल्यांदा कधी चालली?"

"पावणेदोन वर्षं झाली. पण तेव्हा ती..." ऋत्विज हसला. "वर त्या दिवशीची तारीख, खाली कोडच्या कशाबशा खरडलेल्या वीस ओळी. माझ्याच फोल्डरचं नाव आत लिहिलेलं, दुसऱ्याला ते आधी बदलावं लागलं असतं. चारचौघांत दाखवायची लाज वाटली."

"पानं सरळ व्हायची?"

"व्हायची की."

अडकित्ता थांबला.

"ताई, जरा बाहेर येतेस?"

त्यांची थोरली बहीण कुमुदताई चहा घेऊन आली. कप तिने डाव्या हाताने पुढे केला. उजव्या मनगटाला पट्टा होता.

"ताई, किती पानं सरळ केलीस गं?"

"अकरा हजार चारशे. एकेक पान माउसने फिरवून. दीड वर्ष गेलं. मंगळवारी संपली बाई एकदाची." ती ऋत्विजकडे वळली. "सुरुवातीला मी ग्रुपवर विचारलं होतं रे, कुणाकडे काही सोपी युक्ती आहे का म्हणून. कुणाकडेच नव्हती. असती तर दिली नसती का कुणी?"

ऋत्विजने तो मेसेज वाचला होता. स्क्रिप्ट नीट झाली की देऊ, असं मनाशी म्हणून पुढे सरकला होता.

"चहा घे, निवेल," म्हणत कुमुदताई आत गेली.

ऋत्विजने कप खाली ठेवला.

"सर... अर्धवट काम बाहेर काढू नये, असं तुम्हीच सांगायचात."

"सांगायचो."

विसूभाऊंनी आतल्या दाराकडे पाहिलं. अर्धी कातरलेली सुपारी त्यांनी तशीच तबकात ठेवली.

"फार चुकीचं शिकवलं मी तुला."

"मग ही नवी... टाकू?"

"ती जुनी आहे अजून तुझ्याकडे?"

"आहे."

"आधी ती टाक. वरची तारीख खोडू नकोस."