टिपरीची वाट

मुंग्या खुणांच्या वासावरून चालायला नुकत्याच शिकल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. उसाच्या पाटाला पाणी सुटणार होतं. पाटाकाठच्या बिळातली अंडी बोरीच्या मुळाशी हलवायला टिपरी मुंगीनं पहिल्यांदाच वाट आखली. पण रांग दर वेळी कोरड्या पाटातच उतरायची. कासावीस होऊन टिपरी सगळी वाट पुसायची, पुन्हा घाईनं आखायची.

"खुणा बरोबर आहेत! ह्या मुंग्याच आंधळ्या!"

"पुसू नकोस," म्हातारी भागाकाकू म्हणाली. "एकीबरोबर चाल. प्रत्येक खुणेशी थांबव आणि विचार, आता कुठं वळशील?"

टिपरी एका मुंगीबरोबर थांबत थांबत गेली. चौथ्या खुणेशी मुंगी म्हणाली, "डावीकडे. तूच तर सांगितलंस."

टिपरीनं ती एकच खूण उजवीकडे, बोरीच्या दिशेनं फिरवली.

पाणी आलं, तेव्हा पाटात एकही अंडं नव्हतं.