मोकळ्या काठाचा पत्रा

फार फार पूर्वी, राज्यांच्या सीमा नद्यांच्या पात्रांवरून ओळखल्या जात त्या काळी, एका रुंद नदीच्या काठी छायाधरांची वस्ती होती.

छायाधर म्हणजे माणसाची छाया धरून ठेवणारा कारागीर. तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा, त्यावर एका रानवेलीचा रस चोपडायचा आणि भर उन्हात माणसासमोर धरायचा. दहा श्वास मोजून होईपर्यंत समोरची मुद्रा पत्र्यावर उमटे आणि कायमची बसे. पुढे त्या पत्र्यावर काजळी आणि तेल फिरवून तो फळीवर दाबला की हुबेहूब उतारा निघे. एका पत्र्यातून असे शेकडो उतारे निघू शकत. या कलेची शोभा त्यात होती आणि धोकाही त्यातच होता.

म्हणून वस्तीच्या पूर्वजांनी एक रीत घालून दिली होती. दामाची गोष्ट काढण्याआधी छायाधराने गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारायचे: छाया कुठे लावणार, किती ठिकाणी लावणार, किती दिवस ठेवणार. उत्तराप्रमाणे पत्र्याच्या काठावर कानशीने खाचा पाडायच्या. जितक्या खाचा, तितके उतारे. एक उतारा निघाला की एक खाच लाखेने बुजवायची. शेवटची खाच बुजली की पत्रा छायाधराच्या घरी परत. खाच नसलेल्या पत्र्याला मोकळ्या काठाचा पत्रा म्हणत. तो ज्याच्या हाती पडे त्याला कसलेच बंधन उरत नसे, आणि म्हणूनच तसा पत्रा सहसा कोणी देत नसे.

या वस्तीत एक छायाधर होता. हात मोठा कसबी, पण स्वभाव उतावळा. ऊन, रस, श्वासांची मोजणी यांत त्याची चूक कधी होत नसे. गिऱ्हाईक समोर बसून दाम विचारू लागले की मात्र त्याच्या तळहातांना घाम फुटे. तीन प्रश्न विचारावेत तर माणूस वैतागून उठून जाईल, अशी त्याला धास्ती वाटे. त्यामुळे तो प्रश्न भराभर, जवळजवळ पुटपुटत विचारी आणि उत्तराची वाट न पाहताच कानस उचली.

घाटावर एक नावाडीण होती. लोक तिला मावशी म्हणत. चाळीस वर्षे ती होडी चालवत होती आणि तिच्या होडीतला एकही उतारू नदीने नेला नव्हता. उन्हापाण्याने कोरलेला तिचा चेहरा धरावा, असे छायाधराला कितीतरी दिवसांपासून वाटत होते. शेवटी एकदा त्याने तिला गाठलेच.

मावशी हसली. म्हणाली, "या तोंडात काय ठेवलंय रे दादा? पण धर, तुझी हौस आहे तर. तुझ्या ओसरीवर लाव. मात्र एक सांगते. घाटावर लावू नकोस, आणि होडीवर तर मुळीच नको."

"का गं मावशी?"

"मी रोज सकाळी पाण्यात हात घालते. काही दिवशी म्हणते, चला. काही दिवशी म्हणते, आज नाही. माझ्या होडीत कुणी बुडलं नाही ते त्या 'आज नाही'मुळे. छायेला काय, तिला नाही म्हणता येतं होय? माझं नुसतं तोंड बघून कुणी पाण्यात पाय ठेवू नये."

छायाधराने मान डोलावली. दहा श्वास मोजले. पत्रा असा उतरला की वस्तीतले म्हातारे कारागीरही ओसरीसमोर थबकू लागले.

काही महिन्यांनी नदीपलीकडच्या गावाहून एक शेठ आला. त्याने बारा होड्या नव्याने पाण्यात सोडल्या होत्या. लाकूड स्वस्तातले होते आणि फटी घाईने बुजवलेल्या होत्या, पण वरून रंग झकास दिला होता. उतारू मात्र त्या होड्यांत बसत नव्हते. सगळे मावशीच्या होडीसाठी खोळंबून राहत. ओसरीवरचा पत्रा दिसताच शेठचे डोळे लकाकले.

"बोला, काय घ्याल?"

छायाधराने दाम सांगितले. शेठने कपाळाला हात लावला.

"अहो, दहा श्वासांचं काम तुमचं! ऊन देवाचं, चेहरा त्या बाईचा. तुमचं यात गेलं काय? जांभई द्यायलासुद्धा माणसाला याहून जास्त वेळ लागतो."

त्या दहा श्वासांमागे वीस वर्षांची तालीम होती, हे छायाधराच्या ओठांवर आले आणि तिथेच विरले. त्याने दाम उतरवले आणि कानस हातात घेतली. "कुठे लावणार? किती ठिकाणी?"

शेठ उठून उभा राहिला. "हे बघा, मला खाचाबिचा नकोत. तुमच्या शेजारचा छायाधर मला याच दामात मोकळा काठ देतोय. देता, की जाऊ?"

शेजारी असे काही बोलला नव्हता. पण छायाधराला एवढेच दिसले की शेठने जोड्यात पाय घातला आहे. मावशीचे शब्द त्याच्या मनात आले होते. ते त्याने मागे लोटले. "घेऊन जा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता उरली नाही. तो पत्रा घासायला बसे आणि अर्ध्यावर उठे. ओसरीवरून अंगणात जाई, अंगणातून पुन्हा ओसरीवर येई.

त्याची बायको निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "अंगण झिजवायचं ठरवलंय का? काय बोचतंय, ते तरी सांगा."

"दाम कमी घेतलं गं. दुप्पट मागायला हवं होतं."

"दुप्पट घेतलं असतं तर निवांत बसला असता?"

मनातल्या मनात त्याने दाम दुप्पट केले, चौपट केले. काटा होता तिथेच राहिला. इथे वाचकांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. माणसाला आपली चूक कळायच्या आधी तिची टोचणी कळते, आणि त्या टोचणीला तो हाताशी असलेले पहिले नाव देतो. छायाधराने तिला तोटा हे नाव दिले होते.

नदीपलीकडे मोठी जत्रा भरायची होती. आदल्या दिवशी छायाधर घाटावर गेला आणि जागीच खिळला. बाराही होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मावशीचा चेहरा होता. खाली ठसठशीत अक्षरे होती: हिच्या भरवशावर बसा.

तो धावतच शेठकडे गेला. "हे उतारे काढून टाका. वाटलं तर दाम परत घ्या."

शेठ शांतपणे पान लावत होता. त्याने पत्रा मागवला आणि त्याच्यासमोर धरला. "काठावरून बोट फिरवा पाहू. लागली एखादी खाच? मग बसा गप्प. पान खाणार?"

तिथून तो मावशीकडे गेला. ती पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. मागे वळून न पाहता ती म्हणाली, "वरच्या डोंगरात पाऊस कोसळतोय. गाळ येतोय बघ खालून. उद्या माझी होडी बांधलेली राहील."

छायाधर तिच्या मागे पायरीवर येऊन उभा राहिला. तेव्हा तिने मान वळवली.

"मी 'आज नाही' म्हणणार आणि माझीच बारा तोंडं उद्या 'चला' म्हणणार. मी घसा फोडून ओरडले तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? म्हातारीचं गिऱ्हाईक गेलं म्हणून ओरडते. तू दिलीस ना ती छाया? मग तूच काढ."

छायाधराने रात्रीच दाद मागितली होती; सकाळी चावडीवर पंच बसले आणि त्यांनी शेठकडून पत्रा मागवला. सर्वांत वृद्ध पंचाने पत्र्याच्या काठावरून बोट फिरवले आणि मान हलवली. "जे तू बोलला नाहीस, तेही त्याने विकत घेतलं. मोकळ्या काठाचा सौदा मोडता येत नाही." मग त्याने पत्रा खाली ठेवला. "एकच वाट आहे. जे विकलं ते तुझं नव्हतंच, असं निघालं तर सौदाच उभा राहत नाही. त्या बाईने तुला काही अट घातली होती का?"

छायाधराने दाराबाहेर घाटाकडे पाहिले. हो म्हणावे, तर अट ठाऊक असून दुसऱ्याचा चेहरा विकला असे चारचौघांत कबूल होणार. अशा कारागिराची कानस पंच काढून घेत आणि तीन वर्षे त्याला पत्र्याला हात लावू देत नसत. नाही म्हणावे, तर घाटावर जत्रेची माणसे जमू लागली होती.

"जरा विचार करू द्या," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

त्याने चावडीला एक फेरी घातली. कदाचित पाणी चढणारच नाही, असे त्याने स्वतःला सांगितले. दुसरी फेरी घातली. कदाचित शेठच होड्या थांबवेल. तिसऱ्या फेरीत त्याला घाटावरून हाकारा ऐकू आला: "चला, सुटली, सुटली!" तो तसाच आत धावला.

"अट होती! होडीवर लावायची नाही, असं ती म्हणाली होती. मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी दिली."

पंचांनी तत्काळ माणसे पिटाळली. अकरा होड्यांवरच्या फळ्या उतरल्या, अकरा होड्या जागीच थांबल्या. बारावी अठरा माणसे घेऊन प्रवाहात गेली होती.

ती मधोमध फुटली. घाईने बुजवलेल्या फटी एकदमच उघडल्या. काठावरच्या लोकांचा आरडाओरडा चालू असतानाच मावशीने आपल्या होडीचा दोर कापला. ज्या पाण्याला तिने स्वतः नाही म्हटले होते, त्यात ती शिरली. एका खेपेत नऊ, दुसऱ्या खेपेत आठ माणसे तिने ओढून आणली. दुसऱ्या खेपेला वल्हे खडकात अडकले आणि तिचा उजवा खांदा निखळला. अठरावा एक कासार होता. जत्रेत बांगड्या विकायला निघाला होता. तो सापडला नाही.

त्याच्या बायकोला मावशीनेच केसांना धरून वर काढले होते. शुद्धीवर येताच त्या बाईने मावशीच्या तोंडाकडे पाहिले आणि किंचाळली, "हीच ती! हिच्याच तोंडाकडे बघून चढलो आम्ही! तुझ्याच भरवशावर चढलो गं!"

मावशीने त्या बाईच्या खांद्यावर आपले कोरडे लुगडे टाकले आणि घाटाच्या पायऱ्या चढून ती घरी गेली. त्यानंतर तिला वल्हे कधी पेलले नाही. चाळीस वर्षांत एकही नाही, असे जे लोक सांगत, तेही त्यांनी सांगायचे सोडून दिले.

राजाच्या हुकुमाने शेठच्या होड्या जाळल्या गेल्या. छायाधराची कानस पंचांनी काढून घेतली.

तीन वर्षे तो मावशीच्या पोटासाठी दोर वळत राहिला, तिच्या घरी पाणी भरत राहिला. मुदत संपली त्या दिवशी पंचांनी कानस परत दिली आणि जप्त केलेला तो मूळ पत्राही दिला. छायाधर तो घेऊन मावशीसमोर उभा राहिला.

"मावशी, हा तुझा आहे. म्हणशील तेवढ्या खाचा पाडतो. म्हणशील तर एकही उतारा निघणार नाही असं करतो."

मावशीने डाव्या हाताने पत्रा घेतला. पाण्याशी बसून तिने मूठभर वाळू उचलली आणि भांडे घासावे तसा तो घासू लागली. आधी कपाळ गेले, मग डोळे, मग ओठ. लखलखीत तांबे उरले, तेव्हा तिने तो धुऊन त्याच्या हातात दिला.

"घे. आता हा अगदी तुझा झाला. आता विक."

छायाधराने तो पत्रा कधीच विकला नाही. ओसरीवर, जिथे छाया होती तिथेच, त्याने तो कोरा टांगला. पुढे कोणीही गिऱ्हाईक आले की तो आधी तीन प्रश्न विचारी, एकेक स्वच्छ शब्दात, आणि उत्तर येईपर्यंत थांबे. काही उठून जात. ते जोडे घालत असताना त्याच्या तळहातांना अजूनही घाम फुटे. पण तो कानस खाली ठेवी आणि त्यांना जाऊ देई.

तात्पर्य: देताना जी मर्यादा आपण बोलत नाही ती घेणारा ठरवतो, आणि तिची किंमत बहुधा भलत्यालाच मोजावी लागते.