तेल निघालेला शब्द

फार जुनी गोष्ट. तेव्हा माणसं चांगली होती असं कुणी सांगितलं, तर ते खोटं. माणसं तेव्हाही डांबिसच होती. पण डोंगराखालच्या एका गावात एक रीत होती, आणि रीत मोडायला माणसं भीत.

रीत अशी, की ज्याच्या हातून दुसऱ्याचं नुकसान होईल, त्यानं त्या दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं. शेजाऱ्याचा हात मोडलात, तर तो बरा होईपर्यंत त्याची लाकडं तुम्ही फोडायची. तोंडानं काही बोलायचं नाही. सकाळी जाऊन कामाला लागायचं.

त्या गावात एक म्हातारा तेली होता. एक घाणा, एक बैल, मागंपुढं कुणी नाही. गावच्या दिव्यांना तेल त्याचं, गाड्यांच्या आसांनाही त्याचंच.

एकदा समुद्रापलीकडचा एक फेरीवाला सुया विकत आला. त्याचं गाठोडं कुणाला लागलं, की तो म्हणे, "सॉरी."

तेल्यानं विचारलं, "हे काय बडबडतोस रे?"

फेरीवाला हसला. "आमच्याकडचा शब्द आहे, बाबा. मूळचा दुखण्यातून निघालेला. तुझी जखम मलाही ठणकतेय, असा अर्थ. पण ते जुन्या लोकांचं. आता धक्का लागला तरी म्हणतो, नीट ऐकू नाही आलं तरी म्हणतो. ठणकत कुणालाच नाही."

"म्हणजे तेल गेलं, पेंड राहिली."

"राहिली खरी. पण उचलायला हलकी आहे."

गावाला ती पेंड फार गोड लागली. फेरीवाला गेला, शब्द राहिला.

पुढं एक दिवस शेजारचा गाडीवान उतारावरून गाडी भरधाव हाकत आला. वाटेकडेला तेल्याचा बैल उभा होता. चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय मोडला.

"सॉरी हं, काका," गाडीवान म्हणाला, आणि गाडी हाकून गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल्यानं जू पुसून घाण्यापाशी ठेवलं आणि गाडीवानाची वाट बघत बसला. ऊन डोक्यावर आलं. कुणी आलं नाही.

तो पाटलाकडं गेला. पाटील म्हणाला, "अरे, सॉरी म्हणाला ना तो? आता आणखी काय त्याची गाडी मागतोस?"

तेली तिथून निघाला. घरी आला आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. लंगड्या बैलाला चारा तर घालायचा होता. गाडीवान रोज त्याच वाटेनं जाई. घाण्याभोवती फिरणारा म्हातारा दिसला, की न चुकता 'सॉरी' म्हणे. त्याचं काय जात होतं?

म्हातारा ओढून ओढून किती ओढणार? तेल दिव्यांनाच पुरेना, तिथं आसाला कुठलं? गाड्या कोरड्याच करकरू लागल्या. एक दिवस त्याच उतारावर गाडीवानाच्या गाडीचा आस तुटला. भरली गाडी कलंडली, आणि तो चाकाखाली सापडला.

माणसं जमली. "सॉरी रे," एकजण म्हणाला. "फार वाईट झालं गड्या, सॉरी," दुसरा म्हणाला. म्हणून झालं, तशी आपापल्या कामाला गेली.

"चाक उचला रे कुणीतरी," गाडीवान कण्हत होता.

तेली जू टाकून आला. चाकाखाली खांदा घातला, जोर लावला. पुन्हा लावला. चाक तसूभर हललं नाही.

"काका, लावा ना जोर."

"खांदा होता रे," तेली म्हणाला. "तुझ्या वाटणीचं ओढण्यात संपला."

आणि तो तिथंच धुळीत बसून राहिला. साऱ्या गावात एकट्या त्यालाच ठणकत होतं, आणि त्याच्या तोंडात तो शब्द नव्हता.

परगावच्या वाटसरूंनी चाक काढलं, तोवर गाडीवानाचा पाय कायमचा गेला होता. सारं गाव त्याला बघायला गेलं. काय म्हणालं, ते सांगायला नको.

घ्यायचं तर एवढंच घ्या: ज्या दुःखाला ओझं उचलायला नको, ते नुसतं तोंडचं; पेंडीनं दिवा लागत नाही.