झाडून सगळी झाडं

एक होता राजा. चांगला होता हो, उठसूट कुणाची डोकी उडवणारा नव्हता. निमिष, पाय आत घे, ओवीचं पांघरूण ओढू नको. तर त्या राजाचं नगर होतं मोठं. रस्तोरस्ती उंबर, कडुनिंब, सावर. आणि झाडाझाडावर पाखरांची ही गर्दी!

राजाला एकुलती एक लेक, मंजुळा. तिची एक गंमत होती, बरं का. पाखरं बोलल्याशिवाय तिला जागच यायची नाही. हाका मारा, गदागदा हलवा, छे! झाडांवर किलबिल झाली की मात्र टक्क डोळे उघडायची. राणी म्हणायची, "बरं आहे बाई, माझा घसा वाचतो."

एकदा काय झालं, राजा निघाला परगावी. जाता जाता घोड्यावरूनच कोतवालाला म्हणाला, "नगरातली झाडून सगळी झाडं नीट ठेवा हो!" म्हणजे काय, तर एकूण एक झाड जपा. पण कोतवाल पडला टापटिपीचा. त्याच्या घरी चपलासुद्धा रांगेत उभ्या असायच्या. त्यानं ऐकलं, झाडं झाडून नीट ठेवा!

हसता काय? ऐका पुढं.

मग निघाली माणसं खराटे घेऊन, शिड्या घेऊन. घरटी पाडली. वाळक्या फांद्या छाटल्या. उंबराखाली फळांचा चिखल होतो म्हणून कच्ची फळंसुद्धा ओरबाडली. खोडांतल्या ढोल्या माती-चुन्यानं लिंपून टाकल्या, वरून गेरूचे पट्टे ओढले. झाडं कसली, मांडवाचे खांब दिसायला लागले मेले! लोक मात्र खूश. धुणं वाळत घातलं तरी वरून काही पडत नव्हतं.

पाखरं गेली निघून. दुसऱ्या दिवशी मंजुळा उठली नाही.

"झोपू दे गं, दमली असेल," राणी आधी म्हणाली. मग दुपार झाली. मग दिवस मावळला. राणीच्या तोंडचं पाणी पळालं. निरोप गेला, राजा धावत आला. मग वाजवले नगारे. मंजुळा उठली नाही. मग आणला बहुरूपी, त्यानं हुबेहूब कोकिळेचा आवाज काढला. तिनं नुसती कूस बदलली. मग आणले पिंजऱ्यातले राघू. ते बिचारे मान खाली घालून बसले, एक बोलेल तर शपथ! पोरीचा श्वास चालू होता, पण गाल रोज थोडे सुकत होते. राजा झाला तरी बापच ना तो, ढसाढसा रडला.

मग तो पाखरांच्या मागावर एकटाच निघाला. वेशीबाहेर माळावर एक बाभळ होती. तिच्यावर सगळी दाटीवाटीनं बसलेली. राजानं हात जोडले. "चला रे घरी. मी तर झाडं जपायला सांगितली होती."

"झाडं जपलीत, बिऱ्हाडं मोडलीत," तांबट म्हणाला. "वाळकी फांदीच नाही, तर मी घर कशात कोरू?"

"माझं तर दारच लिंपलंत," राघू म्हणाला.

"आणि खायचं काय आम्ही, चुना?" बुलबुल फणकारली.

राजानं परत येऊन कोतवालाला विचारलं. कोतवाल म्हणाला, "महाराज, आपणच म्हणालात, झाडून!" राजानं कपाळावर हात मारला. रागवायचं तरी कुणावर?

मग ढोल्या उकरल्या. डोक्यावर पडेल एवढीच फांदी काढायची, बाकी वाळली तरी राहू द्यायची, असं ठरलं. पण छाटलेली फांदी काही चिकटवता येत नाही, आणि हुकूम सोडून उंबर लगडत नाही. थांबावं लागलं. राणी लेकीच्या ओठांवर दुधाचे थेंब सोडायची आणि खिडकीतून उंबराकडे बघत बसायची.

मग एकदाची फळं धरली. आणि एका सकाळी चोचीत काडी घेऊन आलं कोण? कावळा! "अगंबाई, हा कुठं आला!" राणी म्हणाली. कोतवालाचा हात सवयीनं खराट्याकडे गेला. राजानं तो हात घट्ट धरला. कावळ्यानं काडी फांदीत खोचली, मान वाकडी केली आणि ओरडला, "काव!"

मंजुळेनं डोळे उघडले.

राणीनं तिला पोटाशी धरलं. मंजुळेनं बाहेर कान दिला, जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, "बाबा, एकटाच? बाकीची कुठं गेली?"

 

मग हळूहळू बाकीचीही आली. बुलबुलांनी फळं खाल्ली, बिया टाकल्या, आणि कुणी लावलीही नाहीत तिथं झाडं उगवली. तांबटानं कोरलेलं घर रिकामं झालं, तिथं दयाळ पक्षी राहायला आला. धुण्यावर पाखरं शिटायची, लोक कुरकुरायचे आणि पुन्हा धुवायचे. कोतवाल तेवढा अधूनमधून हळहळायचा.

अशी त्या नगरात झाडं नांदली, पाखरं नांदली, माणसंही सुखानं नांदली. झाली गोष्ट. ओवी झोपलीसुद्धा बघ. निमिष, आता एकही प्रश्न नको, मीट डोळे. सकाळी मला सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जायचंय, झाडं छाटायला माणसं बोलावलीत म्हणे त्यांनी.