एव्हांथिया आणि धुक्यात अडकलेल्या अकरा होड्या

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की सांगणाऱ्यांच्या आज्यांनीही ती ऐकलेलीच होती. ग्रीस देशातल्या एका लहानशा बेटावर आस्प्रोनेरी नावाचं मासेमारांचं गाव होतं. तिथे एव्हांथिया जन्मली. पाळण्यातलं तिचं रडणंसुद्धा सुरात असायचं, असं म्हणतात.

मामाने तिला व्हायोलिन शिकायला दूरच्या शहरात धाडलं. बारा वर्षं ती मोठमोठ्या गुरूंकडे शिकली. कागदावर लिहिलेला प्रत्येक सूर जिथल्या तिथे लावायला शिकली. राजवाड्यातून बोलावणं आलं, पण तिचं मन गावाकडे ओढ घेत होतं. ती परत आली आणि तिने गावचा वाजवणाऱ्यांचा ताफा हाती घेतला.

ताफा तो केवढा, पाच-सहा जणांचा! ढोलावर कालिओपी नावाची धिप्पाड विधवा, आणि सगळ्यांत जुना म्हणजे त्साबूना वाजवणारा याकूमीस. त्साबूना म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी आणि तिला जोडलेला पावा. पिशवी फुगवून बगलेत दाबली की आवाज डोंगरापलीकडे जायचा.

पहिल्याच दिवशी एव्हांथियाने त्याला थांबवलं. "काका, तुमचा हा सूर खाली घसरतोय."

"घसरत नाही, पोरी. वळतो."

"कागदावर तसं नाहीये."

"मग तुझा कागदच वाजव," म्हातारा म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकून घरी गेला. तो पुन्हा तालमीला आला नाही. एव्हांथियाला वाईट वाटलं, पण तिने कागद काही बाजूला ठेवला नाही.

त्याच वर्षी वसंतात बेटावर धुकं उतरलं. असं धुकं की चुलीपाशी बसलेल्या बाईला स्वतःचा हात दिसेना, असं म्हणतात. गावच्या अकरा होड्या समुद्रात होत्या. एका होडीत एव्हांथियाचा भाऊ होता, दुसरीत याकूमीसचा एकुलता एक मुलगा. किनारा सगळा खडकांचा, आणि दोन सुळक्यांमधून बंदरात शिरायची वाट जेमतेम एका होडीपुरती.

एव्हांथिया धक्क्यावर उभी राहिली आणि व्हायोलिन वाजवू लागली. शहरात शिकलेलं सगळं तिने वाजवलं. दुपारी एक होडी कशीबशी किनाऱ्याला लागली. तिच्यातला नावाडी म्हणाला, "ते तू वाजवत होतीस? आम्हाला वाटलं, परदेशी जहाज चाललंय. टक्कर नको म्हणून आम्ही दूर दूर जात होतो. बाकीचेही तेच करतायत."

धुक्यात चाचपडत एव्हांथिया याकूमीसच्या दारी गेली.

"काका, माझं चुकलं. माझं वाजवणं त्यांना परकं वाटतंय. तुमचा तो वळणारा सूर ऐकला तरच त्यांना आपलं गाव ओळखू येईल."

म्हाताऱ्याने पिशवी उचलली.

गावच्या नाचाला डावीकडे त्साबूना, उजवीकडे ढोल आणि मधे व्हायोलिन, अशी बसायची रीत होती. दोन आवाजांच्या मधली वाट नावाड्यांना कळावी म्हणून एव्हांथियाने याकूमीसला समुद्राकडून पाहता डाव्या सुळक्यावर चढवलं, कालिओपीला उजव्या. स्वतः मधे धक्क्यावर थांबली. "लग्नातला नाच वाजवा," ती ओरडली, "आणि थांबू नका!"

याकूमीसचा सूर जिथे वळला, तिथे तीही वळली. कागदावर कधीच न लिहिलेला तो सूर तिच्या बोटांखाली पहिल्यांदा आला आणि तिला रडू फुटलं.

तीन दिवस ते वाजवत राहिले. व्हायोलिनच्या तारा एकेक करून तुटल्या. शेवटी उरली एकच तार, तीही रक्ताने लाल झालेली. तेव्हा समुद्रावरचं धुकं मधोमध फाटलं आणि पाण्यावर पायवाट उमटली, असं म्हणतात. त्या वाटेने होड्या एकामागून एक आत आल्या. चौथीत एव्हांथियाचा भाऊ होता. दहावीत, सगळ्यांत शेवटी, याकूमीसचा मुलगा होता, आणि तो बापाच्या त्साबूनाबरोबर मोठमोठ्याने गात होता.

एव्हांथिया म्हातारी होईपर्यंत तो ताफा चालवत राहिली. तिने कागद फेकून दिले नाहीत, पण पोरांना आधी म्हाताऱ्यांपाशी बसवायची, मग कागदापाशी.

आजही आस्प्रोनेरीत धुकं उतरलं की कुणाला बोलवायला लागत नाही. ज्याच्या हाती जे वाद्य असेल ते घेऊन लोक सुळक्यांवर चढतात. ज्याच्याकडे वाद्य नसेल तो पातेलं बडवतो. जी होडी आधी परतते, तिच्यातली माणसं घरी जात नाहीत. ओल्या कपड्यांनी तीही वाजवणाऱ्यांत जाऊन उभी राहतात, मागे राहिलेली शेवटची होडी येईपर्यंत.