दहा म्हणजे दहा

"चूक आबांची आहे. दुसऱ्या कुणाचीच नाही. आता सांगा, उद्या काय करू?"

शमुवेलमामांनी वर पाहिलं नाही. ते एका स्कूटरच्या हँडलला नंबराचा पत्र्याचा बिल्ला बांधत होते.

इस्पितळासमोर, कडुनिंबाखाली, त्यांचं गाड्यांचं स्टँड. चार महिन्यांपूर्वीपर्यंत ते रस्त्याच्या पलीकडे होते. आत, प्रयोगशाळेत. ज्याची शीर कुणाला सापडत नाही त्याला शमुवेलकडे पाठवायचं, हे तालुक्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मग त्यांना काढलं. तक्रार आली होती. हात थरथरतात.

मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. सुतळीची गाठ पहिल्या फटक्यात बसली.

"आबा म्हणजे तुझे आजोबा," मामा म्हणाले. "हेडमास्तर."

"रिटायर हेडमास्तर. पण ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

"काय केलं त्यांनी?"

सांगितलं. माझी बहीण आम्रपाली, नऊ वर्षांची. घरात अमू. थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. आणि ती ऑटिस्टिक आहे. बोलते मोजकं. आईच्या शिलाई मशीनचं एक रिकामं रीळ तिच्या मुठीत असतं. ते बोटांत फिरत राहिलं की ती ठीक असते. ते थांबलं की समजायचं, आता काही खरं नाही.

मामांना यातलं सगळं माहीत होतं. दोन वर्षं तेच तिला सुई लावत होते. तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही गेलात आणि धरायला माणसं लागायला लागली," मी म्हणालो. "आधी दोघं. मग तिघं. गेल्या खेपेला आबांनी पाच जण लावले. चादरीत गुंडाळलं तिला, वळकटीसारखं. आबा स्वतः हातावर बसल्यासारखे. आणि सगळे एका सुरात, झालं, झालं, झालं हं. वीस मिनिटं झालं-झालं चाललं होतं, मामा. आणि झालं काहीच नव्हतं."

"तू कुठे होतास?"

मी एक बिल्ला उचलून उलटा केला.

"सुगत, तू कुठे होतास?"

"डाव्या पायाशी."

"तूही म्हणालास? झालं?"

"सगळेच म्हणतात. लहान पोरांना म्हणायचंच असतं ते."

मामांनी पुढच्या गाडीचा बिल्ला उचलला.

"अर्ध्यात तिनं नळी उपटली," मी म्हणालो. "निम्मं रक्त पिशवीत तसंच राहिलं. आता ती हात देत नाही कुणाला. आईला वेणी घालू देत नाही. ओठ पांढरे पडलेत. हिमोग्लोबिन साडेचार. डॉक्टर म्हणाले, उद्या चढलं नाही तर हृदयावर ताण येईल. आणि आबा म्हणतात, उद्या सात जण आणतो."

"आणू दे की. सात कशाला, सतरा आणा. बँडवाला पण सांगा."

"चेष्टा करू नका. तुम्ही एकटे लावायचात तिला सुई. काय करायचात तेवढं सांगा. मला यातलं कळतं. लॅब टेक्निशियनच्या कोर्सची तीन सेमिस्टर झालीत माझी. पहिल्या टोचणीत शीर सापडायची मला."

"मग सोडलंस का?"

"सर शिकवत नव्हते. हजेरी घेत होते."

मामा पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "हात दे."

दिला.

त्यांनी मनगट धरलं. घट्ट, पण दुखेल असं नाही.

"झालं," ते म्हणाले.

मी हात ओढला. सुटला नाही.

"मामा..."

"झालं, झालं."

एक माणूस स्कूटर न्यायला आला. मामांनी दुसऱ्या हातानं त्याचा बिल्ला घेतला, गाडी कुठे आहे ते मानेनं दाखवलं. माझं मनगट तसंच. तो माणूस माझ्याकडे चोर पकडल्यासारखा बघत गेला.

"सोडा आता."

"झालंच की रे. शहाणा ना तू?"

"सोडा म्हणतोय ना!"

"मोठा झालास ना आता? मोठी मुलं असं करतात का? झालं बघ, झालं, झालं..."

मी दुसरा हात उगारला. सत्तावन्न वर्षांच्या माणसावर. भर रस्त्यात.

त्यांनी मनगट सोडलं.

"कुठे दुखलं?"

"दुखलं नाही."

"मग मारायला का उठलास?"

कडुनिंबाची एक काडी माझ्या खांद्यावर पडली. मी ती काढलीसुद्धा नाही.

"म्हणजे तिला काय सांगायचं?" मी विचारलं. "दुखतं म्हणून?"

"दुखतं ना?"

"दुखतं."

"मग तेच सांग. आणि दहापर्यंत मोज. दहाला हात सोड."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि दहापर्यंत शीर मिळाली नाही तर?"

"दहाला हात सोड."

"मिळाली, पण चिकटपट्टी लावायची राहिली, तर?"

मामांनी सुतळीचं टोक दातांनी तोडलं.

"या वयात ऐकायला कमी येतं का तुला?"

*

दुसऱ्या दिवशी आबा खरंच सात जण घेऊन आले. त्यात दोन त्यांचे जुने विद्यार्थी. एकाच्या हातात चादर.

मी खोलीच्या दारात उभा राहिलो.

"आबा, तुम्ही बाहेर. हे सगळे पण."

"बाजूला हो. घरात निर्णय मी घेतो."

"हे घर नाही."

"कॉलेज सोडून आलेला तू मला शिकवणार?"

"होय."

जुन्या विद्यार्थ्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या अख्ख्या शाळेत आबांना कुणी 'होय' या सुरात म्हटलं नसावं. मी दार लावलं, आतून कडी घातली. दाराला वर काच होती. त्यात आबांचा चेहरा आला आणि तिथेच राहिला.

आत अमू, आई, मंदा सिस्टर आणि मी. टेबलापाशी खुर्चीत बसलेल्या अमूनं दोन्ही हात फ्रॉकखाली ओढून घेतलेले. रीळ थांबलेलं.

"मोजून काय होणार आहे?" सिस्टर पुटपुटल्या. "शमुवेल गेला, त्याचं हे येड तरी जायचं त्याच्याबरोबर."

मी जमिनीवर बसलो, अमूच्या समोर.

"अमू, सुई आहे. दुखणार. मी दहापर्यंत मोजीन. दहाला हात सोडणार. सगळे सोडणार."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाच मिनिटं गेली असतील. मग फ्रॉकखालून उजवा हात टेबलावर आला. पूर्ण नाही, कोपरापर्यंत.

मी गुडघ्यांवर होऊन तो हलकेच धरला. सिस्टरनी रबरी पट्टा बांधला. अमू माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. डोळ्यांत नाही, ओठांकडे.

"एक."

"दोन."

तीनला सुई आत गेली. तिचं सगळं अंग ताठ झालं, पण हात जागेवर राहिला. चार. पाच. शीर सरकली. सिस्टरच्या कपाळावर घाम. सहा. सात. आठ.

"नऊ."

नळीत लाल ठिपका चमकला. मिळाली! सिस्टरनी चिकटपट्टीकडे हात नेला. पट्टी त्यांच्या हातमोज्याला चिकटली.

"दहा," मी म्हणालो. "काढा, सिस्टर."

"अरे मिळालीय! एक सेकंद थांब!"

"काढा."

"हिच्या हातांना शिरा किती उरल्यात ते तरी बघ! सगळ्या सुजल्यात."

दारावर थापा पडल्या. "काढू नका! धरा तिला! येडा आहे तो, धरा!"

आईनं पदर तोंडात धरला होता. ती एक शब्द बोलली असती तर मी काढायला लावली नसती, हे मी लिहून ठेवतो.

"सिस्टर, दहा झाले."

त्यांनी मला एक शिवी दिली आणि सुई काढली. पट्टा सोडला, वर कापूस ठेवला. मी हात सोडला.

अमूचा हात टेबलावर एकटा पडला. कुणीच त्याला धरलेलं नव्हतं. तिनं तो उलटा करून पाहिला. सुलटा करून पाहिला.

"झालं," मी म्हणालो.

रक्ताची पिशवी स्टँडला लटकत होती. आबा ओरडून ओरडून थांबले. सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी अमूच्या पांढऱ्या ओठांकडे पाहत होतो आणि मनात शमुवेलमामांना नको नको ते बोलत होतो.

अकरा मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून माहीत.

मग रीळ उजव्या मुठीत गेलं. डावा हात टेबलावर आला.

"एक," अमू म्हणाली.

सिस्टर धावत आल्या. अमू थांबली. पट्टा बांधून होईपर्यंत, शीर चाचपून होईपर्यंत थांबली. सुई टेकली तेव्हा म्हणाली, "दोन."

सहाला शीर मिळाली. नऊला चिकटपट्टी बसली. दहा तिनंच म्हटलं, आणि पोलिसानं पिस्तूल रोखल्यासारखे आम्ही तिघांनी हात वर केले.

रीळ फिरायला लागलं.

मी कडी काढली. आबा आत आले, लटकलेल्या पिशवीकडे पाहिलं, नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडे पाहिलं.

"बघ," ते म्हणाले. "बसली ना शेवटी मुकाट्यानं? माझा आवाज ऐकला ना बाहेरून. पोरांना धाक लागतो."

"तुम्ही बाहेर होतात, म्हणून बसली," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

*

मामा स्टँडवर होते.

"चढतंय रक्त," मी म्हणालो.

"बरं झालं."

"नऊला मिळाली होती शीर. दहाला काढायला लावली."

"हं."

"तुमची पण नऊलाच मिळाली असणार. तुमच्या शेवटच्या खेपेला. त्याच टेबलावर. आबा दाराबाहेर ओरडत होते आणि तुम्ही सुई काढलीत."

"हं."

"तुमचे हात थरथरत नव्हते."

मामा सुतळीचा गुंता सोडवायला लागले.

"तक्रारीचा अर्ज आबांनी सांगितला," मी म्हणालो. "लिहिला मी. मिळालेली शीर सोडणारा माणूस येडाच, असं वाटलं होतं मला. आबांनी फक्त 'निष्काळजीपणा' सांगितला होता. 'हात थरथरतात' हे मी घातलं. त्यानं अर्जाला वजन येत होतं."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"इस्पितळातल्या मोठ्या साहेबांनी अर्ज दाखवला मला. अमूच्या फायलीवर दर खेपेच्या तारखा तूच लिहायचास. अक्षर चांगलं आहे तुझं."

"मग काल बोलला का नाहीत? मी आल्या आल्या आबांचं नाव घेतलं तेव्हा?"

"चूक कुणाची ते मी विचारलं होतं का?"

मी रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, इस्पितळाच्या फाटकाकडे.

"आत्ता जातो साहेबांकडे. खोटं लिहिलं म्हणून लिहून देतो. ते तुम्हाला परत घेतील."

"जा. लिहून दे. घेणार नाहीत, जागा भरली."

एक बाई गाडी न्यायला आली. मामांनी सुतळीचं टोक ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली. त्यांनी बिल्ला खिळ्याला अडकवला.

"एकतीस वर्षं हातात सुई होती," ते म्हणाले. "अमूच्या त्या दहानंतर नाही."