छातीइतकं अथांग

"मग खोल आणि गहन यांत फरक काय? एवढं एकच सांगा, बुवा."

चिमणबुवा ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच सांग. कोश तू लिहितोयस."

हेरंबला तेच हवं होतं. सात वर्षं तो शब्दकोश लिहीत होता, आणि नदीकाठच्या या छोट्या मठात तीन दिवस मुक्काम ठोकून होता तो केवळ एका पानासाठी. खोलपणाचे एकेचाळीस शब्द त्याने एका वहीत जमवले होते. ज्यांना ज्यांना ती वही दाखवली, त्या सगळ्यांनी मान डोलावली होती. बुवांनी मात्र ती अजून हातातसुद्धा घेतली नव्हती. हे त्याला सारखं टोचत होतं.

त्याने घसा साफ केला.

"विहीर खोल असते. प्रश्न गहन असतो. झोप गाढ असते, तिला कुणी गहन म्हणत नाही. आवाज गंभीर. ज्ञान अगाध. अभ्यास सखोल. पंडित मात्र गाढा."

"झोप गाढ आणि पंडितही गाढा," बुवा म्हणाले. "दोघांचं जमतं म्हणायचं."

हेरंब हसला नाही.

"आणि ज्याचा थांग लागत नाही, ते अथांग," त्याने पुरं केलं.

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि खांद्यावर पंचा टाकला.

"चल, अंघोळीला जाऊ."

"मी बादलीनेच करतो."

"मग काठावर बस."

मठाखाली नदीला डोह होता. वरून पाहिलं तर नुसतं काळंभोर, न हलणारं पाणी. दगडी पायऱ्या त्यात उतरत जात आणि दिसेनाशा होत. शेजारच्या उतारावर सारजा गवळण म्हैस धूत होती.

हेरंब वरच्या पायरीवर बसला, वही मांडीवर घेऊन. नऊ वर्षांचा असताना मामाने त्याला पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत ढकललं होतं. दोराने वर काढला तेव्हा काठावरची सगळी माणसं हसत होती. त्यानंतर पाण्याशी त्याचा संबंध तांब्यापुरता उरला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"हे पाणी कसं आहे?" बुवांनी विचारलं.

"अथांग," हेरंब म्हणाला. त्याला विचारही करावा लागला नाही.

"सारजे, पाणी किती गं इथं?"

"शेवटल्या पायरीपाशी? माझ्या छातीला लागतंय," सारजा म्हणाली. "त्या खडकाच्या पल्याड मातर कुणाचाच पाय टेकत न्हाई."

बुवांनी हेरंबकडे पाहिलं.

"ती माप सांगते," हेरंब म्हणाला. "मी अर्थ सांगतो."

"बरं," बुवा म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

...

हेरंबने त्या हाताकडे पाहिलं. सुरकुतलेला, वालाच्या शेंगांनी हिरवट झालेला हात. सारजा पाहत होती. म्हैससुद्धा पाहत होती. त्याने वही पायरीवर ठेवली, धोतर खोचलं आणि हात धरला.

घोटा. गुडघा. कंबर. पाणी इतकं गार असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पुढच्या पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला, हात सुटला आणि डोक्यावरून पाणी गेलं.

आत सगळं हिरवं होतं. कानांना दडे बसले. त्याने हातपाय झाडले, पण धरायला काही नव्हतं. एकेचाळिसांतला एकही शब्द आठवला नाही...

मग अंगठ्याला वाळू लागली. गार, मऊ वाळू.

तो उभा राहिला.

पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं.

बुवा हातभर अंतरावर उभे होते. त्याच्यासाठी पुढे केलेला हात त्यांनी हळूच मागे घेतला. हेरंबच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं, शेंडी कपाळावर चिकटली होती. त्याने खाली पाहिलं, बुवांकडे पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. आधी ठसक्यासारखं, मग आवरेचना. सारजाही हसू लागली. या वेळी ते हसणं त्याला लागलं नाही.

नाक धरून तो मुद्दाम खाली बसला. वर आला. पुन्हा बसला. तीन वेळा वाळूला हात लावून आला.

"छातीइतकंच आहे," तो म्हणाला, जणू ही बातमी गावात कुणालाच ठाऊक नव्हती.

"तू अथांग म्हणाला होतास."

"चुकलो."

"कशाला चुकलास? पाय टेकेपर्यंत होतंच की."

...

पाणी हेरंबच्या छातीशी हलकेच हिंदकळत होतं. अर्थ त्याने स्वतःच लिहिला होता, थांग लागत नाही ते अथांग. पण कुणाला लागत नाही, हा प्रश्न त्याला सात वर्षांत पडला नव्हता.

"मग वहीत काय लिहू, बुवा?"

पण बुवा केव्हाच पाण्यावर आडवे होऊन निघाले होते. एवढ्या वयाचा माणूस, पण पाणी जराही न उडवता खडकाच्या पलीकडे पोचला. आता नुसतं पांढरं डोकं दिसत होतं.

सारजाने तिच्या मुलांचे पोहायचे दोन सुके भोपळे, दोरीने एकत्र बांधलेले, त्याच्याकडे ढकलले. ते डुलत डुलत त्याच्या छातीला येऊन टेकले. ती पुन्हा म्हशीची पाठ घासू लागली.

हेरंबने दोरी काखेखालून घेतली. दोन पावलं पुढे टाकली. तिसऱ्याला वाळू निसटली, तेव्हा त्याने पाय मागे घेतला नाही. तोंडावरचं हसू काही जात नव्हतं.

"बुवा," त्याने हाक मारली, "तिथं कसं आहे?"

"ये नि तू सांग," बुवा म्हणाले. "इथं माझाही पाय पोचत नाही."